रस्ता, शाळा आणि जमीन : केरळातील सात दिवस

मराठीत प्रवासवर्णनांना तोटा नाही. केरळवरही ती पुष्कळ लिहिली गेली आहेत. खाडीतल्या होड्या, नारळीची बने, चहाचे मळे, कथकली आणि हत्ती एवढ्यात ही वर्णने बहुधा संपतात. हे सारे तेथे आहे आणि ते सुंदरही आहे. परंतु ज्याच्या पूर्वजांना रस्त्याने चालण्याचाच हक्क नव्हता, असा माणूस जेव्हा प्रवासाला निघतो तेव्हा त्याचे पहिले कुतूहल देखाव्याबद्दल नसते. हा रस्ता कोणाच्या कष्टाने झाला, यावरून कोणाला हाकलले जात होते आणि तो कोणी खुला करून घेतला, हे प्रश्न त्याच्या मनात आधी येतात. या प्रश्नांसह दिवाळीच्या सुट्टीत मी नेत्रावती एक्सप्रेसने तिरुवनंतपुरमला उतरलो आणि तेथून मुन्नारपर्यंत सात दिवस बसने, बोटीने आणि पायी फिरलो.

केरळची भूमी म्हणजे समुद्र आणि सह्याद्री यांच्यामधली एक अरुंद पट्टी. किनाऱ्याला वाळू आणि मासेमारी, त्यामागे खाड्या आणि भाताची पाणथळ खाचरे, त्यामागे रबराच्या टेकड्या, आणि वर चहा-वेलदोड्याचे डोंगर. एका दिवसाच्या प्रवासात माणूस या चारही प्रदेशांतून जातो. प्रत्येक पट्ट्यातील पीक वेगळे, मालक वेगळे. राबणारी जात मात्र बहुतेक ठिकाणी तळाचीच. टिपू सुलतानाच्या पाडावानंतर, १८०० ते १८०१ या काळात, फ्रान्सिस बुकानन हा कंपनी सरकारचा डॉक्टर या बाजूने फिरला. शेतावर राबणारे गुलाम विकले कसे जातात, गहाण कसे टाकले जातात आणि भाड्याने कसे दिले जातात, हे त्याने पिकांच्या आणि नाण्यांच्या नोंदींइतक्याच थंडपणे लिहून ठेवले आहे. कंपनीच्या मुलखात, म्हणजे मलबारात, १८४३ च्या कायद्याने गुलामीला मिळणारे कायद्याचे पाठबळ गेले. कोचीन संस्थानाने १८५४ साली आणि त्रावणकोरने १८५५ साली गुलामी रद्द केली. पण मालकाने सोडलेल्या पुलयाला रस्त्याने सोडले नव्हते. नंबुद्रीपासून नायराने किती अंतरावर थांबावे, ईळव्याने किती आणि पुलयाने किती, याचे पावलांचे हिशेब ठरलेले होते. पुलयाला स्वतःबद्दल बोलताना ‘मी’ म्हणता येत नसे. ‘अडियन’, म्हणजे तुमचा दास, असे म्हणावे लागे. आपल्याकडच्या ‘जोहार मायबाप’ची आठवण व्हावी असाच हा शब्द आहे. व्यवस्था जमीन ताब्यात घेते तशी भाषाही ताब्यात घेते.

तिरुवनंतपुरमला वेल्लयंबलम चौकात अय्यनकाळींचा पुतळा आहे. १९८० साली इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. शहराच्या मध्यभागी असलेल्या जुन्या व्हिक्टोरिया ज्युबिली टाऊन हॉललाही २०१९ पासून अय्यनकाळींचे नाव आहे. संस्थानाच्या श्रीमूलम प्रजासभेत ज्या काळी ते बसले, त्या काळी त्यांच्या जातीच्या माणसाला शहरातील कितीतरी रस्ते बंद होते. मराठी वाचकाला अय्यनकाळी हे नाव फारसे परिचित नाही, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

शहरापासून दक्षिणेला काही मैलांवर वेंगानूर हे गाव. तेथे २८ ऑगस्ट १८६३ रोजी एका पुलय कुटुंबात अय्यनकाळींचा जन्म झाला. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. १८९३ साली त्यांनी एक बैलगाडी विकत घेतली, स्वच्छ धोतर नेसले, डोक्याला पागोटे बांधले आणि बैलांच्या गळ्यातील घुंगरे वाजवीत ती गाडी सार्वजनिक रस्त्यावरून हाकली. आज हे वाचताना त्यात विशेष काही वाटणार नाही. पण स्वच्छ वस्त्र, पागोटे, गाडी आणि रस्ता या चारही गोष्टी त्यांना निषिद्ध होत्या. अर्ज नाही, विनंती नाही. गाडी रस्त्यावर आली आणि अडवायला येणाऱ्यांना तोंड देण्याची तयारी त्या गाडीवानाने ठेवली होती. पुढे बाजारपेठांच्या रस्त्यांवर दंगली झाल्या, माणसे जखमी झाली. वायकोमच्या सत्याग्रहाआधी ३१ वर्षे हे घडले आहे. रस्त्याच्या हक्काचा इतिहास सांगताना मात्र बहुतेक पुस्तके १९२४ पासून सुरुवात करतात. कारण १९२४ ला सभा होत्या, ठराव होते, पुढारी होते आणि वर्तमानपत्रे होती. १८९३ ला एक निरक्षर माणूस आणि त्याची बैलगाडी होती. इतिहासलेखनाचा हा पक्षपात आपण ओळखला पाहिजे. जे कागदावर आले तेवढेच घडले असे मानले, तर ज्यांच्या हाती कागद नव्हता त्यांनी काहीच केले नाही असा निष्कर्ष आपोआप निघतो.

अय्यनकाळींनी १९०७ साली साधुजन परिपालन संघम् स्थापन केला. त्यांची पुढची लढाई शाळेसाठी होती. सरकारी हुकूम निघाले तरी शाळांचे दरवाजे उघडेनात, तेव्हा पुलय मजुरांनी शेतावर जाणेच थांबवले. आमच्या मुलांना शाळेत बसू देणार नसाल तर तुमच्या खाचरांत गवत माजेल, अशी त्यांची रोखठोक भूमिका होती. मजूर उपाशी राहिले तेव्हा किनाऱ्यावरच्या मच्छीमारांनी त्यांना आपल्या होड्यांवर कामाला घेतले. मजुरीच्या दरासाठी झालेले संप आपण पुष्कळ वाचले आहेत. मुलांच्या शिक्षणासाठी शेतमजुरांनी केलेला असा संप जगाच्या कामगार चळवळीतही विरळाच असावा. दुसऱ्या दिवशी मी उरुट्टंबलमला गेलो. तेथील शाळेत पंचमी नावाच्या एका पुलय मुलीला घेऊन अय्यनकाळी गेले होते. सवर्णांनी त्या शाळेला आग लावली. तीच शाळा २०२२ पासून अय्यनकाळी आणि पंचमी या दोघांच्या नावाने चालते. ज्या मुलीच्या बसण्याने बाक विटाळला म्हणून शाळा जाळली, तिचे नाव आता शाळेच्या फाटकावर आहे. आपल्याकडे १८४८ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी शाळा काढली तेव्हा दगड-शेण अंगावर आले. येथे आग आली. अक्षराची भीती दोन्हीकडे सारखीच.

१९३७ च्या जानेवारीत गांधी वेंगानूरला आले. आपल्या समाजातले दहा बी.ए. झालेले मला डोळ्यांनी पाहायचे आहेत, असे अय्यनकाळींनी त्यांना सांगितले. त्याच्या दोनच महिने आधी, १२ नोव्हेंबर १९३६ रोजी, त्रावणकोरच्या महाराजांनी मंदिरप्रवेशाची घोषणा केली होती आणि देशभर त्या घोषणेचे पोवाडे गायले जात होते. त्या गदारोळात या वृद्ध निरक्षर पुढाऱ्याने देवाचे दर्शन मागितले नाही, दहा पदवीधर मागितले. मी माझ्या घराण्यातला पहिला पदवीधर आहे. त्यामुळे वेंगानूरला त्यांच्या समाधीपाशी उभा असताना ‘दहा’ हा आकडा मला फार मोठा वाटला. पहिल्या पदवीधरामागे किती जणांचे न शिकणे उभे असते, हे त्या पिढीला पक्के माहीत होते.

नेय्यार नदीकाठी अरुविप्पुरम आहे. १८८८ साली नारायण गुरूंनी नदीतला एक दगड उचलून तेथे शिव म्हणून स्थापिला. ईळवा जातीत जन्मलेल्या माणसाने देवप्रतिष्ठा करणे हा ब्राह्मणी अधिकारावरचा घाला होता. १९०३ साली त्यांच्या नावाची जी धर्म परिपालन योगम् ही संस्था निघाली, तिने ईळवा समाजाला शाळा, धंदे आणि संघटना दिली. पण पुलय, परय आणि कुरव यांची वाट त्यातून आपोआप मोकळी झाली नाही. आपल्याकडे ब्राह्मणेतर चळवळ आणि अस्पृश्यांची चळवळ यांच्यात जे अंतर पडले, ते येथेही दिसते.

याच बाजूला, आज तामिळनाडूत असलेल्या कन्याकुमारी जिल्ह्यात, चान्नार स्त्रियांचा लढा झाला. १९५६ पर्यंत हा मुलूख त्रावणकोरचा होता. छाती झाकण्याचा हक्क मागणाऱ्या स्त्रियांची वस्त्रे बाजारात फाडली जात. अनेक दशकांच्या दंगलींनंतर २६ जुलै १८५९ च्या जाहीरनाम्याने त्यांना अंग झाकण्याची परवानगी मिळाली. पण सवर्ण स्त्रिया ज्या पद्धतीने पदर घेतात तसा घ्यायचा नाही, ही अट राहिलीच. वस्त्र दिले, पण बरोबरी दिली नाही.

तिसऱ्या दिवशी कोल्लम. जवळच पेरिनाड येथे २४ ऑक्टोबर १९१५ रोजी साधुजन संघाच्या सभेवर हल्ला झाला आणि पुलयांच्या झोपड्या पेटल्या. त्या काळी पुलय स्त्रियांनी गळ्यात खड्यांच्या माळा घालायच्या, अंगावर वस्त्र घ्यायचे नाही, असा दंडक होता. दागिना कसला, ती जातीची खूण होती. पुढे डिसेंबरात कोल्लमला अय्यनकाळींच्या उपस्थितीत मोठी सभा भरली. तेथे स्त्रियांनी गळ्यातल्या माळा तोडल्या आणि फेकून दिल्या. सभास्थानी त्या माळांचा ढीग झाला, असे सांगतात. यानंतर बारा वर्षांनी, १९२७ च्या डिसेंबरात, महाडला बाबासाहेबांनी आमच्या आयाबहिणींना गळसऱ्या आणि हातातले कथला-चांदीचे गोठ टाकून द्या, लुगडे घोट्यापर्यंत नेसा, असे सांगितले. कोल्लम आणि महाड यांच्यामध्ये शेकडो मैलांचे अंतर आहे आणि भाषा एक नाही. तरीही जातीने स्त्रीच्या अंगावर सारखीच खूण ठेवली होती आणि दोन्हीकडच्या स्त्रियांनी ती सारख्याच रीतीने उतरवली.

चौथा दिवस कुट्टनाडात गेला. येथे समुद्रसपाटीच्या खाली भात पिकतो. वेंबनाड खाडीत बांध घालून, आतले पाणी पायचाकांनी उपसून ही खाचरे काढलेली आहेत. पर्यटकांच्या तरंगत्या घरांतून ती फार रमणीय दिसतात. बांध ज्यांनी घातले ते पुलय आणि परय मजूर. गळाभर पाण्यात उभे राहून चिखल भरायचा, पायचाक फिरवायचे, पूर आला की रात्रभर बांधावर जागायचे हे त्यांचे काम. फुटलेला बांध टिकावा म्हणून जिवंत मजूर त्यात गाडल्याच्या कथा तेथे पिढ्यानुपिढ्या सांगितल्या जातात. या कथांना दप्तरात आधार नसेल. परंतु एखादा समाज आपल्या आठवणीत अशा कथा का जपतो, हा प्रश्न इतिहासकाराने टाळू नये. खाचरांना मालकांची आणि राजघराण्यातील माणसांची नावे आहेत. चिखल भरणाऱ्यांचे नाव एकाही खाचराला नाही.

पाचव्या दिवशी वायकोमला पोहोचलो. महादेवाच्या मंदिराभोवतीचे चार रस्ते. तेथे ‘तीण्डल’ची पाटी होती, पुढे जायला अस्पृश्यांना बंदी. ३० मार्च १९२४ रोजी कुंजप्पी हा पुलय, बाहुलेयन हा ईळवा आणि गोविंद पणिक्कर हा नायर असे तिघे त्या पाटीपलीकडे निघाले आणि तुरुंगात गेले. टी. के. माधवन, के. पी. केशव मेनन आणि के. केळप्पन यांच्या पाठोपाठ तामिळनाडूतून पेरियार आले आणि दोनदा तुरुंगात गेले. जुलै १९२४ च्या महापुरात सत्याग्रही गळाभर पाण्यात उभे राहिले. आमचाडी तेवन या पुलय सत्याग्रहीच्या डोळ्यांत चुना टाकण्यात आला. मार्च १९२५ मध्ये गांधी इंडनतुरुत्ती मनेत नंबुद्रींशी बोलायला गेले, तेव्हा नंबुद्रींनी त्यांना घराच्या आत घेतले नाही, बाहेरच्या ओटीवर बसवले. वैश्याचीही तेथे तेवढीच पायरी! संस्थानच्या विधिमंडळात रस्ते खुले करण्याचा ठराव २१ विरुद्ध २२ मतांनी पडला. शेवटी २३ नोव्हेंबर १९२५ रोजी सत्याग्रह थांबला. तीन बाजूंचे रस्ते खुले झाले. पूर्वेचा रस्ता सवर्णांसाठीच राखला गेला. ६०० दिवसांहून अधिक काळ लढून तीन रस्ते मिळाले. त्यानंतर सोळा महिन्यांनी महाडचे चवदार तळे आले. आणि भारतीय संविधानाच्या कलम १५ मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते हे शब्द एकाच ओळीत आले आहेत. त्या ओळीत महाडचे पाणी आणि वायकोमची वाट दोन्ही आहेत. विद्यार्थ्यांना संविधान शिकवताना हे सांगितले पाहिजे.

ती इंडनतुरुत्ती मना आता ताडी काढणाऱ्या कामगारांच्या युनियनचे कार्यालय आहे. इतिहासाने असे सूड क्वचितच घेतले आहेत.

१९३६ च्या मंदिरप्रवेशाचे श्रेय राजाच्या उदारपणाला देण्याची प्रथा आहे. परंतु १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले होते आणि त्रावणकोरच्या ईळव्यांत धर्मांतराची उघड चर्चा चालू होती. लाखो माणसे हातची जातील, ही धास्ती दरबाराला होती. घोषणा करण्यावाचून राजाला गत्यंतर राहिले नव्हते. मंदिराचे दार उघडण्यात येवल्याचाही वाटा आहे.

सहाव्या दिवशी एर्नाकुलम. १९१३ साली पुलयांना सभा घ्यायची होती आणि सभेला जमीन कोणी देईना. तेव्हा पंडित करुप्पन यांच्या पुढाकाराने होड्या आणि तराफे एकमेकांना बांधून खाडीच्या पाण्यावरच सभा भरली. जमिनीवर बंदी असेल, पण पाण्यावर महाराजांचा हुकूम कोठे लागतो! खाडीपलीकडच्या मुळवुकाड बेटावर १९१२ साली दाक्षायणी वेलायुधन यांचा जन्म झाला. भारतातील पहिली दलित स्त्री पदवीधर आणि संविधान सभेतील एकमेव दलित स्त्री सदस्य. पाण्यावर सभा घ्यावी लागलेल्या समाजाची मुलगी, २९ नोव्हेंबर १९४८ रोजी अस्पृश्यता नष्ट करणाऱ्या कलमावर संविधान सभेत बोलली. अय्यनकाळींचे दहा बी.ए. कोठे कोठे पोहोचले, याचा हा एक पुरावा.

सातव्या दिवशी मुन्नारला चढलो तेव्हा मात्र या साऱ्या विजयाचा हिशेब नव्याने मांडावा लागला. केरळच्या प्रगतीचे आकडे सर्वांना ठाऊक आहेत. २०११ च्या जनगणनेत केरळातील अनुसूचित जातींची साक्षरता ८८.७ टक्के होती. रस्ता मिळाला, शाळा मिळाली, त्याचे हे फळ आहे आणि ते लहान मानू नये. प्रश्न जमिनीचा आहे. १ जानेवारी १९७० पासून अंमलात आलेल्या कायद्याने केरळात कूळवहिवाट संपली आणि कसणारे कूळ मालक झाले. परंतु पुलय हा कूळ नव्हताच. तो मजूर होता. कुळाच्या कागदावर त्याचे नाव येण्याची सोयच जातीने ठेवली नव्हती. त्याला मिळाली ती झोपडीखालची जागा : गावात जास्तीत जास्त दहा सेंट, नगरपालिकेत पाच, शहरात तीन. दहा सेंट म्हणजे आपल्याकडचे चार गुंठे. त्यात शेती होत नाही. पिढी वाढली की घरही पुरत नाही. मेलेल्या माणसाला पुरायला जागा नाही म्हणून घरातली जमीन उकरावी लागल्याच्या हकिकती तेथील वस्त्यांतून आलेल्या आहेत. मळे तर कमाल मर्यादेतून वगळले गेले. म्हणूनच ऑगस्ट २००७ मध्ये चेंगरा येथील रबराच्या मळ्यात हजारो दलित-आदिवासी कुटुंबे शिरली आणि शेतीयोग्य जमीन मागत बसली.

मुन्नारच्या मळ्यांत राबणाऱ्या स्त्रिया बहुतांशी तमिळ दलित. त्यांचे पणजे-खापरपणजे डोंगरापलीकडून आणले गेले. राहायला मळेवाल्यांच्या चाळींतली खोली, आणि निवृत्त झाले की ती सोडायची. ६ ऑगस्ट २०२० च्या रात्री पेट्टीमुडी येथे दरड कोसळली आणि अशा चाळींतील ७० माणसे गेली. ज्या जमिनीवर चार-पाच पिढ्या राबल्या, त्या जमिनीत त्यांना जागा मिळाली ती अशी. पाच वर्षे आधी, सप्टेंबर २०१५ मध्ये, याच स्त्रियांनी ‘पोंपिळै ओरुमै’ म्हणजे स्त्रियांची एकजूट उभारली. पुरुष पुढाऱ्यांना दूर सारून त्यांनी नऊ दिवस मुन्नारचा रस्ता अडवला. २० टक्के बोनस पदरात पाडला. रोजची मजुरी २३२ रुपयांवरून ३०१ वर गेली. मागणी ५०० ची होती. पूर्वी ज्यांच्यासाठी रस्ता अडवला जात होता, त्यांच्याच वारसांनी येथे रस्ता अडवून दाखवला.

महाराष्ट्रात महारवतने १९५८ च्या कायद्याने गेली. १९५९ आणि १९६४ साली दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह केला, लोक हजारोंनी तुरुंगात गेले, आणि त्यानंतर आपल्या चळवळीने जमिनीचा प्रश्न हळूहळू मागे टाकला. नामांतर, राखीव जागा, पुतळे, स्मारके यांसाठी आपण लढलो. ते लढे आवश्यकच होते. पण केरळचा इतिहास असे सांगतो की रस्ता आणि शाळा मिळाल्यावरही जमीन नसलेला माणूस दुसऱ्याच्या मालकीच्या खोलीत राहतो आणि तेथेच मरतो. तेथील दलित लेखक-कार्यकर्ते हा प्रश्न आज मल्याळममध्ये मांडत आहेत. आपल्यापर्यंत त्यातले फार थोडे येते आणि आपले त्यांच्यापर्यंत त्याहून थोडे जाते. अय्यनकाळींची प्रजासभेतील भाषणे मराठीत आली पाहिजेत. दादासाहेबांच्या सत्याग्रहाची कागदपत्रे मल्याळममध्ये गेली पाहिजेत. हे काम कोणतेही सरकार करणार नाही आणि विद्यापीठे मनावर घेतील अशी चिन्हे नाहीत. ते अय्यनकाळींनी मागितलेल्या त्या दहा बी.ए.च्या वारसांचे, म्हणजे आपलेच काम आहे.